सहा नंबरची जागा

१

मेव्हिस लाबाउंटीला सहलीपेक्षा सहल आखण्याचीच हौस जास्त, असं तिचा धाकटा भाऊ एल्डन म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दाराबाहेर कमरेएवढं बर्फ असायचं तेव्हा, फेब्रुवारीतच, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर तळ्यांचा नकाशा पसरायची. मग तो थेट सप्टेंबरातच उचलला जाई. तोवर जेवायचं नकाशावरच. वीस वर्षांच्या कॉफीच्या कपांचे गोल त्यावर उमटलेले होते, आणि एका तळ्याच्या जागी तर नुसता पुसट डाग उरला होता.

खरं तर आखायचं काही नव्हतंच. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, चार दिवस, एकेकट्याने वल्हवायच्या दोन कायाक होड्या, तीन तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कायाक उचलून जंगलातून चालायचं. त्या वाटेला तिकडे सगळे 'कॅरी' म्हणतात. अशा दोन कॅरी. तिसरं तळं हार्प पाँड. त्याच्या उत्तर काठावर सहा नंबरची जागा, तिथं पाण्यात उतरत गेलेला एक सपाट खडक. आईवडील होते तेव्हा त्यांच्याबरोबर, नंतर हे दोघंच, पण जागा तीच. मेव्हिसने तीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं लावली होती. ठरलेली गोष्टसुद्धा पुन्हा एकदा ठरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

यंदा मात्र एक गोष्ट जागेवर पडेल तर शपथ. गाडीवर कायाक बांधायचे पट्टे उंदरांनी कुरतडले. तंबूची दुरुस्ती करणारा म्हातारा दुकान बंद करून मुलीकडे गेला. आणि एल्डन प्रत्येक प्रश्नाला "बघू" म्हणत होता.

एल्डन ऑक्टोबरात कायमचा अ‍ॅरिझोनाला चालला होता, लेकीकडे. म्हणजे यंदाची सहल शेवटची. मेव्हिसला हे चार दिवस हवे होते. पाण्यावर गेला की तो बोलतो, हे तिला ठाऊक होतं. घरात तोंडाला कुलूप, पण वल्हं हातात आलं की सुटतो. चार दिवसांत ती त्याचं मन वळवणार होती. त्याच्याशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं.

२

तळ्याकाठच्या जागा गावातले स्वयंसेवक सांभाळत. मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते बारा, मिसेस थिबो फोनवर बसायच्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत.

"सहा नंबर? भरलीय ती."

"मी सप्टेंबरचं विचारतेय. आत्ता ऑगस्ट चाललाय."

"मला महिने येतात, बाई. भरलीय."

"कधी रिकामी होईल?"

"ते मी कसं सांगणार? आत आहेत ते लोक. बाहेर आले की रिकामी."

"आहेत कधीपासून?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "नऊ सप्टेंबर."

"अहो, नऊ सप्टेंबर अजून यायचाय!"

"गेल्या वर्षीचा."

मेव्हिसच्या डोक्यात तिडीक गेली. "मिसेस थिबो, तीन रात्रींच्या वर राहायचं नाही असा नियम आहे. चौथ्या रात्रीवरून तुम्ही मला एकदा किती झापलं होतंत! आणि हे महाशय वर्षभर?"

"नियम मला नको शिकवूस. कचरा नाही, तक्रार नाही. जानेवारीत बर्फात भोक पाडून मासे धरायला गेले होते ना आपले लोक, ते सांगत होते. चुलीचा धूर दिसतो, लांबून हात करतात. एक बाई, एक बाप्या. बाप्या फार हसरा आहे म्हणे. हसू ऐकू येतं लांबवर."

"नाव काय त्यांचं?"

"नावं आम्ही सांगत नाही. बारा वाजले." फोन बंद.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला मेव्हिसने पुन्हा फोन लावला, आणि या वेळी कमरेला पदर खोचल्यासारखी सुरुवातच आपल्या नावाने केली. पलीकडे मिसेस थिबो हसल्या.

"अगं मेव्हिस, तू होतीस होय परवा? मग माझं डोकं कशाला खाल्लंस? जागा तुझ्याच नावावर आहे. लाबाउंटी, माणसं दोन."

"माझ्या? मी घरी आहे! स्वयंपाकघरात उभी आहे!"

"असशील. पण वहीत बाहेर आल्याची नोंद नाही. वहीप्रमाणे तू आणि एल्डन आत आहात. ये आणि नोंद कर, मग मी जागा मोकळी करते."

"पण मिसेस थिबो, मग तिथं हात कोण करतंय?"

"ते मी कसं सांगणार?" मिसेस थिबो म्हणाल्या. "मी फोनवर बसते."

३

पहिल्या तळ्याच्या काठावर, गाड्या लावायच्या जागेपाशी, खांबावर एक लाकडी पेटी आहे. तिच्यात वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. आत जाताना नाव, माणसं किती, कुठे चाललात, तारीख. परत आल्यावर शेवटच्या रकान्यात बाहेर आल्याची तारीख आणि सही. कुणी हरवलं तर शोधायला निघणारे आधी ही वही बघतात. मिसेस थिबोही तिच्यातूनच आपल्या वहीत नोंदी उतरवून घेतात. तिकडचं शेंबडं पोरसुद्धा सही केल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही.

गेल्या वर्षी मेव्हिसने ती सही केली नव्हती. विसरली नव्हती, केली नव्हती.

परतीच्या शेवटच्या कॅरीवर, खांद्यावर कायाक असताना, एल्डन मागून म्हणाला होता, "लेक बोलावतेय. गुडघ्यांना इकडची थंडी सोसत नाही. विचार करतोय जायचा." एवढंच. ही काय गोष्ट पाठीमागून सांगायची! मेव्हिस काठावर येईपर्यंत अवाक्षर बोलली नाही. तो गाडीवर पट्टे आवळत होता तेव्हा ती पेटीपाशी गेली, पेन्सिल हातात घेतली, आणि त्या रिकाम्या रकान्याकडे बघून तिला असा काही संताप आला, की तिने पेटीचं झाकण धाडकन आपटलं. बाहेर यायचंच नव्हतं तिला. "केलीस सही?" त्याने विचारलं. "केली," ती म्हणाली.

आता ती टेबलाशी बसून स्वतःला समजावत होती. कुणीतरी भुरटे असतील, वही बघून आपलं नाव सांगत असतील. राहायला घर नसलेलं जोडपं असेल. जगात काय कमी लोक आहेत? प्रत्येक विचार सरळ होता आणि एकही शेवटापर्यंत जात नव्हता. जानेवारीत तिथं पारा गोठतो.

त्यात तो आवाज सुरू झाला. तो वर्षभर होताच. थप... थप थप... थप. कायाक उभी असली की तिच्या पोटाखाली पाणी हलक्या थापा मारतं, अगदी तसा. नळ तिने दोनदा बदलून घेतला होता. फ्रिज भिंतीपासून ओढून बघितला होता. आवाज कधी ओट्याखालून यायचा, कधी कपाटामागून, आणि भर दुपारी, उन्हं टेबलावर आलेली असताना यायचा. तिने ओट्यावर जोरात चमचा आपटला. आवाज क्षणभर थांबला, कुणी कान देऊन ऐकावं तसा, आणि मग पुन्हा सुरू झाला.

४

संध्याकाळी एल्डन रिकामी खोकी मागायला आला. त्याची बांधाबांध चालू होती. वर्षभरात तो निम्मा झाला होता. पूर्वी हा माणूस दारातून शिरायचा तो हसतच, स्वतःच्याच विनोदाला स्वतःच आधी हसणारा. आता येऊन भिंतीला टेकून उभा राहायचा.

मेव्हिसने त्याला जागेचं सांगितलं. सही न केल्याचंही सांगून टाकलं, दुसरा मार्गच नव्हता.

"केली म्हणालीस तेव्हा," तो म्हणाला.

"म्हणाले. खोटं बोलले. आता मला सुळावर दे."

त्याने मान वाकडी केली. ओट्याकडे बघितलं. "तुझ्याकडेपण येतो?"

"काय?"

"हा आवाज. थप थप."

मेव्हिस खुर्चीत बसली. हातात घेतलेलं खोकं एल्डनने खाली ठेवलं आणि वर्षभरात बोलला नव्हता एवढं एका दमात बोलला. त्याच्या मोरीत येतो, उशीखाली येतो. प्लंबर दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघून गेला. डॉक्टर म्हणाला कान उत्तम आहेत. "गुडघ्यांमुळे तेव्हा नुसता विचार होता, मेव्हिस. आता अ‍ॅरिझोनात पाणी नाही, म्हणून चाललोय मी."

"कधीपासून येतोय?"

"गेल्या सप्टेंबरपासून."

मेव्हिसच्या मनात भीती होती, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आशा मोठी होती. सही राहिली, तेव्हापासून आवाज. सही केली की आवाज थांबेल. आवाज थांबला तर याला वाळवंटात जायचं कारण काय उरलं?

"पुढच्या गुरुवारी जाऊ," ती म्हणाली. "सही करून येऊ."

"उद्या जाऊ."

"उद्या पट्टे नाहीत."

"सही करायला कायाक कशाला लागतेय तुला?"

"माझ्या जागेवर कोण बसलंय ते बघायचंय मला."

"मेव्हिस..."

"वर्षभर, एल्डन! माझ्या खडकावर!"

५

गुरुवारी साडेसातला ते काठावर पोचले. दुसरी गाडी नव्हती. धुकं पाण्यावरून उठत होतं आणि हवा अशी थंड, की बोलताना वाफ दिसत होती.

पेटीत तीच जाड वही होती. मागची पानं उलटल्यावर त्यांची ओळ सापडली. मेव्हिसचं टपोरं अक्षर, लाबाउंटी, दोन, हार्प पाँड सहा नंबर, नऊ सप्टेंबर. शेवटचा रकाना कोरा.

एल्डनने पेन्सिल तिच्यापुढे धरली. "कर."

"परत आल्यावर."

"आत्ता कर ना बाई! एक रेघ ओढायचीय!"

"आत्ता बाहेर आल्याची सही करू आणि लगेच आत जाऊ? ही काय नोंद झाली? बावळटासारखं." तीस वर्षं वेळापत्रकं लावलेल्या बाईला हे पटणं शक्यच नव्हतं. "परत येऊ, तेव्हा खरी वेळ घालून सही करेन. एकदाच आणि नीट."

"बरं, मग आज आत चाललोय त्याची नवी ओळ तरी लिहू." तो पान शोधू लागला. तो या बाबतीत पक्का होता. आयुष्यात एकदाही न लिहिता पाण्यात उतरला नव्हता.

मेव्हिसने त्याच्या हातातून वही काढून घेतली. "वहीप्रमाणे आपण आतच आहोत. एकाच माणसाला दोनदा आत लिहिलंस तर त्या थिबोबाई पुढचं वर्षभर मला फोनवर नाचवतील. ठेव ती पेन्सिल."

त्याने ठेवली. लहानपणापासून मोठ्या बहिणीपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं, तेव्हाही चाललं नाही.

६

पहिलं तळं, पहिली कॅरी, दुसरं तळं. कायाकखाली पाणी थापा मारत होतं आणि इथं तो आवाज इतका साधा वाटत होता, की मेव्हिसला स्वतःचं हसू आलं. दुसऱ्या कॅरीवर मात्र ती थांबली. वाट नको तितकी रुळलेली होती. सप्टेंबर सोडला तर इकडे फारसं कुणी फिरकत नाही, आणि इथं तर माती अंगणासारखी चोपून बसली होती.

हार्प पाँडवर ते निम्म्यात पोचले तेव्हा हसू ऐकू आलं.

पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडच्या टोकाच्या मागे, झाडांच्या आड, एक पुरुष पोटभर हसत होता. दम घेऊन पुन्हा हसत होता, आपल्याच विनोदावर. मेव्हिसने वळून एल्डनकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. वल्ह्यावरून पाणी टपकत होतं.

"चल परत," तो म्हणाला.

पण ती पुढे गेलीच.

जागेवर कुणी नव्हतं. चुलीतली राख गरम होती. दोन झाडांच्या मध्ये छातीपर्यंत सरपण रचलेलं, एकसारख्या लांबीचं, वर बर्च झाडाच्या सालीचं पांघरूण. वल्ह्याच्या दांड्यावर ताणलेलं, ठिगळं शिवलेलं कापडी छत, बसायला घासून गुळगुळीत केलेला ओंडका, दोन जणांचा. खडकावर धुऊन पालथे घातलेले दोन कप. बांधाबांध झालेली होती, तंबूच्या जागी दबलेलं पिवळं गवत तेवढं होतं. जाताना कुणी जागा झाडून गेलं होतं.

मेव्हिस त्या ओंडक्याकडे बघत राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. तिला हेवा वाटला. इथं बसून कुणीतरी तिच्या भावाबरोबर अख्खा हिवाळा काढला होता, गप्पा मारल्या होत्या, त्याला हसवलं होतं. आणि घरी तिच्या वाट्याला आला होता भिंतीला टेकून उभा राहणारा, "बघू" म्हणणारा माणूस.

तेच हसू आता कॅरीच्या बाजूने ऐकू आलं. "ते बाहेर चाललेत," एल्डन मागून म्हणाला. "मेव्हिस, ते वहीकडे चाललेत."

७

असं वल्हं तिने तरुणपणीही मारलं नव्हतं. कॅरीवर दोघं कायाक फरफटत पळाले. पुढच्या कॅरीवर एल्डन गुडघ्यावर पडला, उठला आणि पुन्हा पळाला. पहिल्या तळ्यात शिरले तेव्हा साडेअकरा होत आले होते आणि धुक्याचा मागमूस नव्हता. पलीकडचा काठ लख्ख दिसत होता.

मेव्हिसची गाडी उभी होती. टपावर दोन कायाक चढवलेल्या होत्या. एक माणूस पट्टा आवळत होता. पेटीपाशी एक बाई उभी होती, पाठमोरी, निळ्या पावसाळी कोटात. तो कोट मेव्हिसने वसंतात टाकून दिला होता. बाई वाकून लिहीत होती. सावकाश, नीट.

"ए!" मेव्हिस ओरडली. "ए बाई! थांब!"

बाई लिहीतच होती. पुरुषाने मात्र वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून तो पाण्याकडे बघत राहिला आणि मग, तळ्यावर अनोळखी कायाकवाले दिसले की करतात तसा, मजेत हात हलवला. चेहरा दिसेल इतके ते जवळ नव्हते. पण त्या हात हलवण्याची लकब मेव्हिसला तो चार वर्षांचा असल्यापासून माहीत होती.

पेटीचं झाकण हळू बंद झालं. गाडीची दारं लागली. किल्ली मेव्हिसच्या खिशात होती, तिने ती मुठीत घट्ट धरली होती, आणि गाडी सुरू झाली, वळली आणि झाडांत दिसेनाशी झाली.

८

वहीतला रकाना भरलेला होता. आजची तारीख, वेळ अकरा पस्तीस, खाली सही. अक्षर टपोरं होतं. चालू पानावर मेव्हिस आणि एल्डनचं काहीच नव्हतं. आज कुणी आत गेलं असल्याची एक ओळसुद्धा नव्हती.

त्या काठावर मोबाइलला सिग्नलची एक रेघ मिळते. मेव्हिसने मिसेस थिबोंचा नंबर लावला.

"हॅलो?"

"मिसेस थिबो, मी मेव्हिस. ऐका, ती जी बाई..."

"हॅलो? कोण बोलतंय?" मग फोन तोंडापासून दूर धरून त्या ऑफिसातल्या कुणाशी तरी बोलल्या. "आत्ताच लाबाउंटींची गाडी गेली ना बाहेरून, हात करून? छान दिसत होती दोघं. एल्डन किती दिवसांनी हसताना दिसला. बरं झालं बाई, सहा नंबर सुटली एकदाची... हॅलो? बोला ना!"

"मी बोलतेय! मी! मेव्हिस!"

"नुसतं पाणी वाजतंय," मिसेस थिबो कुणाला तरी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मेव्हिसने पेन्सिल उचलली. कोऱ्या ओळीवर नाव लिहायला घेतलं, आणि काय लिहायचं तेच तिला सुचेना. आत गेल्याची तारीख कुठली लिहायची? शेवटी तिने पेन्सिल सोडून दिली. ती दोरीला लोंबकळत राहिली.

"चालत जाऊ," ती म्हणाली. "गाव चार मैलांवर आहे. चारच मैल. घरी जाऊन त्यांना विचारू, तुम्ही कोण ते. आपलं घर आहे, एल्डन!"

एल्डन एका दगडावर बसून रस्त्याकडे बघत होता. फुटलेल्या गुडघ्यातून आलेलं रक्त पोटरीवर सुकलं होतं.

"आणि काय सांगायचं? तो आता माझ्या खोलीवर पोचेल. खोकी भरलेलीच आहेत. त्याला कसला आवाज येत नाही, मेव्हिस. त्याला जायची घाई नाही. कदाचित तो जाणारही नाही. तिच्याजवळच राहील."

"आणि तू?" तिने विचारलं. "तू राहशील?"

प्रश्न तोंडातून गेला आणि आपल्या आवाजातला आनंद तिला स्वतःला ऐकू आला. तो तिला लपवता आला नाही. त्यानेही तो ऐकला. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग होता, जन्मभराचा, कधी बाहेर न काढलेला, आणि आता तो काढायला वेळच वेळ होता.

मग तो उठला, आपल्या कायाकचं पुढचं टोक उचललं आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

"मागून धर," तो म्हणाला.